दुसऱ्यांदा ब्रेस्ट इम्प्लांट: किती सीसी, आणि स्नायूच्या वर की खाली?

गोदाकाठची | ४ नोव्हेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. तीन वर्षं इथे वाचनमात्र आहे, पहिला धागा या विषयावर काढेन असं वाटलं नव्हतं. घरात नवरा आणि धाकटी बहीण सोडून कुणाला माहीत नाही, म्हणून आयडी नवा घेतलाय.

वय ४१, उंची पाच फूट दोन, वजन ५४. दोन बाळंतपणं झाली, मग वीस किलो वजन उतरवलं आणि छातीवर नुसती कातडी उरली. २०१६ साली मुंबईत इम्प्लांट बसवून घेतले. ३२५ सीसी (म्हणजे मिलिलिटर), गोल, स्नायूच्या वर. पाच-सहा वर्षं मजेत गेली. मग डावी बाजू घट्ट व्हायला लागली. आता ती वर चढून बसलीय, पालथं झोपता येत नाही, आणि आपल्या नाशकातल्या डिसेंबरच्या थंडीत तर अंगात दगड घेऊन फिरल्यासारखं वाटतं. उजवी मऊ आहे पण ओघळलीय, आणि वाकलं की वरच्या भागात लाटा दिसतात. सोनोग्राफी आणि एमआरआय झालं, फुटलेलं काही नाही. डावीकडे बेकर ग्रेड तीन म्हणतात, कडकपणाच्या चार पायऱ्यांतली तिसरी.

आतापर्यंत तीन डॉक्टर झाले. एकांनी पाच मिनिटांत सांगितलं, जुन्याच जागी ३७५ टाकू, सैल कातडी आपोआप भरेल. दुसऱ्या मॅडम म्हणाल्या, स्नायूखाली ड्युअल प्लेन (वर स्नायू, खाली ब्रेस्ट) आणि २५० ते २७५. तिसरे मॅडमशी सहमत, पण सोबत लिफ्टही करा म्हणाले, म्हणजे ओघळलेलं वर उचलून घ्या. शंभर सीसीचा फरक म्हणजे काय चेष्टा आहे का? अनुभव असेल त्यांनी लिहा. डॉक्टरांची नावं धाग्यावर नकोत, कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

वांगी_भरीत | ४ नोव्हेंबर, रात्री ११:०५

अनुभव नाही, पण धाडसाला सलाम. वाचतेय.

ओटीतली_सिस्टर | ५ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

गोदाकाठची ताई, मी बावीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढली, त्यातली निम्म्याहून जास्त प्लास्टिक सर्जरीच्या टेबलाशी. आता निवृत्त होऊन इंदिरानगरला असते. डॉक्टर नाही, त्यामुळे माझं म्हणणं तुमच्या सर्जनला विचारायचे प्रश्न म्हणून घ्या.

सगळ्या बायका सीसीपासून सुरुवात करतात. सर्जन टेपपासून करतो, निदान करायला हवी. आधी छातीची त्या बाजूची रुंदी मोजतात. इम्प्लांटचा व्यास त्या रुंदीपेक्षा थोडा कमीच हवा. जास्त झाला तर तो काखेकडे सरकतो, नाहीतर मधल्या हाडाकडे. दोन्ही मधोमध येऊन चिकटलेले मी पाहिले आहेत, ती दुरुस्ती फार किचकट असते. मग प्रोफाइल. तेच ३०० सीसी लो प्रोफाइलमध्ये पसरट थाळीसारखं, हाय प्रोफाइलमध्ये अरुंद आणि पुढे आलेलं. म्हणून "मैत्रिणीने ३०० घातलं, मलाही ३००" याला अर्थ नाही. तिच्या छातीची रुंदी साडेबारा सेंटिमीटर असेल आणि तुमची अकरा.

दुसरं मोजमाप चिमटीचं. छातीच्या वरच्या भागात कातडी आणि चरबी चिमटीत धरून कॅलिपरने जाडी बघतात. दोन सेंटिमीटरपेक्षा कमी भरली तर वर मसलचं पांघरूण हवं असा संकेत आहे. तुम्ही वीस किलो उतरवलंय, लाटा दिसतात म्हणता, म्हणजे तुमची चिमूट भरत नसणार. तिथे जुन्याच जागी मोठं इम्प्लांट टाकलं तर पहिले सहा महिने झकास दिसेल. पण वजनाने कातडी आणखी पातळ होते, लाटा आणखी दिसतात. पहिल्या डॉक्टरांना एवढंच विचारा: "माझी चिमूट किती भरली?"

आता कडकपणाचं. कुठलीही परकी वस्तू आत गेली की शरीर तिच्याभोवती पापुद्रा बांधतं, त्याला कॅप्सूल म्हणतात. तो सगळ्यांनाच होतो. आकसला की मग त्रास. ग्रेड एक म्हणजे मऊ, दोनमध्ये हाताला जरा घट्ट, तीनमध्ये आकार बिघडलेला डोळ्यांना दिसतो, चारमध्ये दुखतंही. त्याची कारणं बरीच, त्यात आतल्या आत साचलेला जंतूंचा पातळ थर हे एक मोठं मानतात. म्हणून दुसऱ्या वेळी शक्य तेवढं कॅप्सूल काढतात, नवं इम्प्लांट घालतात आणि बऱ्याचदा जागाही बदलतात, नव्या स्वच्छ बिछान्यावर ठेवल्यासारखं. तरी पुन्हा होणारच नाही अशी हमी कुणी देत असेल तर तिथून उठून या.

अबोली_७९ | ५ नोव्हेंबर, दुपारी २:२०

मी तुमच्या पहिल्या डॉक्टरांसारखाच सल्ला ऐकलेली बाई आहे. नाशिकरोडला राहते. पहिलं ३००, मग "थोडं सैल वाटतंय" म्हणून ४००. वर्ष छान गेलं. मग इम्प्लांट खाली उतरायला लागलं, निपल वर बघतंय आणि सगळा भार तळाशी. याला बॉटमिंग आउट म्हणतात हे तेव्हा कळलं. २०२२ मध्ये तिसरी शस्त्रक्रिया. ब्रेस्टखालची रेघ आतून टाके घालून वर बांधली आणि २८० टाकलं. ते टाके टिकावेत म्हणून दीड महिना रात्रंदिवस ब्रा, पळणं बंद, स्कूटर बंद.

मोठ्यावरून लहानावर येताना एक गंमत लक्षात ठेवा. जुनी पिशवी मोठी असते. नुसतं लहान टाकलं तर ते आत फिरतं, कडेला पडतं. पिशवी लहान करावी लागते किंवा नवी करावी लागते. तेव्हा "लहान आकार म्हणजे लहान ऑपरेशन" हे डोक्यातून काढा, उलटंच असतं.

सुज्ञ_नागरिक | ५ नोव्हेंबर, सायं ६:०२

देवाने दिलेलं शरीर आहे तसं स्वीकारलं असतं तर ही वेळ आली नसती. पैसा जास्त झाला की हे असले उद्योग सुचतात. राग नसावा.

वांगी_भरीत | ५ नोव्हेंबर, सायं ६:०९

सुज्ञ, तुमच्या मागच्याच धाग्यात केस रोवून घेण्याचा खर्च विचारला होता ना? की ते देवाला कळवून केलं होतंत?

गोदाकाठची | ५ नोव्हेंबर, रात्री ९:३०

भरीत, हसून हसून डावी बाजू दुखली.

सुज्ञ, राग नाही. पैसा जास्त नव्हता, पाच वर्षं भिशी लावून साठवला होता. पुढे या विषयावर उत्तर देणार नाही.

सिस्टर, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून फाइलला लावलाय. अबोली, पिशवीचं कुणीच सांगितलं नव्हतं.

काल बहिणीबरोबर तांदळाचा प्रयोग केला. मोजपात्राने इंद्रायणी भरला, जुन्या मोज्यांत घालून गाठ मारली आणि सैल ब्रामध्ये ठेवून घरभर फिरले. २५० आणि ३७५ दोन्ही. ३७५ घालून आरशात बघितलं तर छान दिसत होतं, खोटं कशाला बोलू. पण कुर्ता घालून मुलाच्या शाळेत जायची कल्पना केली आणि काढून टाकलं. (रात्री त्याच तांदळाचा भात केला. मोजे धुतलेले होते.)

ओटीतली_सिस्टर | ५ नोव्हेंबर, रात्री १०:१५

तांदळाने आकाराचा अंदाज येतो, वजनाचा नाही. सिलिकॉन जेल जवळजवळ पाण्याइतकं जड असतं, तांदूळ त्याहून हलका. वजन बघायचं तर प्लास्टिकच्या पिशवीत तेवढं पाणी भरा आणि दिवसभर वागवा. ३७५ची जोडी म्हणजे पाऊण किलो, २६०ची अर्ध्या किलोच्या जरा वर. आणि ती कपड्याला नव्हे, तुमच्या कातडीला लटकणार आहेत. शिवाय तुमचं स्वतःचं जे काही ऊतक आहे ते त्या मोजात धरलेलंच नाही.

शटल_राणी | ६ नोव्हेंबर, सकाळी ११:४८

स्नायूखालीच चांगलं असं सगळे म्हणतायत म्हणून दुसरी बाजू मांडते. मी बॅडमिंटन खेळते, आठवड्यातून चार दिवस. माझं पहिल्यापासूनच स्नायूखाली आहे. स्मॅश मारताना छाती आवळली की इम्प्लांट वर आणि बाहेर सरकतं, मधे खळी पडते. टी-शर्टमध्ये दिसत नाही, पण स्लीव्हलेसमध्ये दिसतं. पुशअप्समध्ये तर हमखास. दुखत नाही. पण कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ताई, तुमचा व्यायाम काय?

गोदाकाठची | ६ नोव्हेंबर, दुपारी १:१०

सकाळी गोदापार्कला चालणं आणि महिन्यातून एखाद्या रविवारी पांडवलेणी. वजनं उचलत नाही, गव्हाचा डबा सोडून.

ओटीतली_सिस्टर | ६ नोव्हेंबर, दुपारी ३:३५

मग तुम्हाला ते फारसं जाचणार नाही. पण शटल_राणीने चांगला मुद्दा काढला. यात एक गैरसमज हमखास असतो. "मसलच्या खाली" म्हटलं की बायकांना वाटतं सगळं इम्प्लांट झाकलं गेलं. तसं नसतं. छातीचा मोठा मसल वरून तिरका येतो, तो इम्प्लांटचा वरचा भाग झाकतो. खालचा आणि बाहेरचा भाग तुमच्याच ऊतकाखाली राहतो. ड्युअल प्लेन ते हेच: मसलची खालची कड बरगड्यांवरून सोडवतात, वर मसल आणि खाली ब्रेस्ट. टेबेट्स नावाच्या अमेरिकन सर्जनने २००१ साली ही पद्धत मांडली, त्यात कड किती सोडवायची याच्याही पायऱ्या आहेत. पूर्वी नुसतं मसलखाली सरकवायचे तेव्हा काहींचं इम्प्लांट वरच अडकायचं आणि सैल ब्रेस्ट त्यावरून खाली ओघळायची, डोंगरावरून पाणी उतरावं तशी. तुमची उजवी बाजू ओघळलेली आहे, म्हणून मॅडमना विचारा की कड कुठपर्यंत सोडवणार.

दुसरं, तुमची जुनी पिशवी मसलच्या वर आहे. ती तशीच ठेवून खाली नवी केली तर दोघींमध्ये वाट राहता कामा नये, नाहीतर इम्प्लांट जुन्या घरी परत जातं. त्यासाठी जुनी भिंत काढायची किंवा मिटवायची, आणि वरचं ऊतक मसलला पुन्हा चिकटवायचं. वेळ खाऊ काम आहे. "तासाभरात होईल" म्हणणाऱ्यापासून जपा.

मसलखाली असल्याचा आणखी एक फायदा, पुढे मॅमोग्राफीत ऊतक जरा मोकळं दिसतं. तरी तंत्रज्ञाला आधीच सांगायचं की इम्प्लांट आहे, म्हणजे ते मागे ढकलून जास्तीचे फोटो घेतात. लाजू नका.

सिन्नरकर | ६ नोव्हेंबर, रात्री ८:५०

पुरुष आयडी आहे, चालत नसेल तर सांगा. बायकोचंही असंच प्रकरण आहे, ती इथे लिहीत नाही, मी वाचून सांगतो. खर्चाचं कुणी बोलत नाही. मेडिक्लेम मिळतो का? आणि नाशिकमध्ये करावं की मुंबई?

अबोली_७९ | ६ नोव्हेंबर, रात्री ९:२२

चालतंय की दादा. मेडिक्लेम विसरा, हौसेच्या शस्त्रक्रियेतून आलेली गुंतागुंत म्हणून माझा दावा परत आला. वर तेव्हा १८ टक्के जीएसटी भरला. उपचाराला जीएसटी नसतो, कॉस्मेटिकला असतो. जन्मजात दोष, अपघात किंवा इजा यानंतरची पुनर्रचना असेल तर सूट आहे. म्हणून कोटेशन घेताना "कर धरून की सोडून" हे विचाराच.

नाशिक की मुंबई यात मी नाशिकच म्हणेन, माणूस नीट असेल तर. माझ्या तिसऱ्या वेळी ड्रेन (आत साचणारं रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी) लावला होता आणि चौथ्या दिवशी मुंबईत तपासणी होती. पोटावर उशी आणि हातात ती बाटली धरून कसारा घाट उतरलेय मी. तो प्रवास कुणाला नको.

ओटीतली_सिस्टर | ६ नोव्हेंबर, रात्री १०:०५

गाव कोणतंही असो, एम.सीएच. किंवा डी.एन.बी. प्लास्टिक सर्जरी बघा. "कॉस्मेटिक सर्जन" पाटीवर कुणीही लिहितं. आणि पहिल्यांदाच्या किती केल्या असं नका विचारू, दुसऱ्यांदाच्या किती केल्या ते विचारा.

ताई, एक राहिलं. तुमचं जुनं इम्प्लांट गुळगुळीत आहे की खरखरीत? इम्प्लांटच्या माहितीचं कार्ड आहे का?

गोदाकाठची | ७ नोव्हेंबर, सकाळी ८:००

कार्ड घर बदलताना गेलं. का?

ओटीतली_सिस्टर | ७ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

घाबरू नका, पण शोधा. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी जोडलेला एक दुर्मीळ लिम्फोमा आहे, बीआयए-एएलसीएल. तो ब्रेस्टच्या ग्रंथींचा कर्करोग नव्हे. कॅप्सूलमध्ये होतो, बहुधा बऱ्याच वर्षांनी एका बाजूला अचानक पाणी साचून सूज येते. जुलै २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय साधनांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) सांगितल्यावर अॅलर्गन कंपनीने आपली बायोसेल प्रकारची खरखरीत इम्प्लांट जगभरातून परत मागवली. ज्यांना काही त्रास नाही त्यांनी उगाच काढून घ्यावं असं एफडीए म्हणत नाही. पण तुमचं तसंही निघणार आहे, तर काढलेलं कॅप्सूल पॅथॉलॉजीला पाठवायला सांगा, पाणी निघालं तर तेही. जुन्या हॉस्पिटलकडे ऑपरेशनच्या नोंदी मागा, इम्प्लांटचा स्टिकर तिथे चिकटवलेला असतो.

आणि या वेळी कार्डाचा फोटो काढून नवऱ्याच्या फोनमध्येही ठेवा.

मोगरा_नाशिक | ७ नोव्हेंबर, दुपारी ४:१५

एक वेगळा पर्याय कुणीच लिहिला नाही म्हणून लिहिते. मी मागच्या वर्षी काढूनच टाकले. बारा वर्षं होते, दोन्हीकडचं कॅप्सूल आणि सोबत लिफ्ट. आता बी कप आहे, थोडा सपाट. पहिला महिना आरसा टाळला. आता पालथी झोपते. तुम्हाला पुन्हा हवेच असतील तर जरूर घ्या, मी मोडता घालत नाही. फक्त इतकं की इम्प्लांट जन्मभराचं नसतं, ५१ किंवा ५५ व्या वर्षी हा धागा पुन्हा काढावा लागू शकतो.

गोदाकाठची | ७ नोव्हेंबर, रात्री ११:२०

मोगरा, तुमचं वाचून दोन तास गप्प होते. नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला तुला काय हवं ते. हे उत्तर ऐकायला बरं वाटतं, उपयोगाचं नसतं.

मला हवे आहेत. लहान हवे आहेत, पण हवे आहेत.

गोदाकाठची | २२ नोव्हेंबर, सायं ७:३०

अपडेट. सगळे प्रश्न कागदावर लिहून मॅडमकडे गेले. पाऊण तास दिला त्यांनी. रुंदी बारा सेंटिमीटर. जुन्या हॉस्पिटलने बऱ्याच फोनांनंतर नोंद पाठवली: गुळगुळीत, व्यास तेरा. म्हणजे पहिल्यापासूनच माझ्या मापापेक्षा रुंद! वरची चिमूट सव्वा सेंटिमीटर. मग मसलखाली हे ठरलंच, त्यावर चर्चाच नाही झाली.

आकारावर मात्र झाली. मी ३०० म्हणून अडून बसले होते. मॅडमनी सायझर (मापाचे नमुना इम्प्लांट) ब्रामध्ये ठेवून दाखवले आणि म्हणाल्या, तीनशे बसेल, पण त्यासाठी जास्त पुढे येणारं प्रोफाइल घ्यावं लागेल आणि तुमची खालची कातडी ते पेलेल असं मला वाटत नाही. २६० मॉडरेट प्लस (मध्यमपेक्षा जरा जास्त पुढे येणारं प्रोफाइल) ठरलं. ऑपरेशनच्या वेळी टेबलवर आत सायझर घालून, बसतं करून बघणार आणि २४० व २८० दोन्ही तयार ठेवणार. हे मला फार आवडलं.

लिफ्टला त्यांनी या वेळी नकार दिला. जुनी पिशवी स्नायूच्या वर होती, तिची भिंत काढताना निपलकडे जाणारा रक्तपुरवठा आधीच कमी होतो. त्याच दिवशी वरूनही कापलं तर धोका. सहा महिने ते वर्ष थांबू, तेव्हाही ओघळलेलं वाटलं तर करू. तिसऱ्या डॉक्टरांना हे विचारलं तर ते म्हणाले, "हो, दोन टप्प्यांतही करता येतं." मग आधी का नाही सांगितलंत?

पहिल्या डॉक्टरांकडे गेले नाही.

ओटीतली_सिस्टर | २२ नोव्हेंबर, रात्री ८:१०

शाब्बास. मॅडम नीट आहेत. सर्दी-खोकला झाला तर तारीख पुढे ढकला, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी बंद करायच्या ते भूलतज्ज्ञाला विचारून घ्या. स्वतःच्या मनाने काही नको, काढेसुद्धा.

गोदाकाठची | १९ डिसेंबर, दुपारी १२:०५

आज दहावा दिवस. सव्वातीन तास लागले. डावीकडे कॅप्सूल पूर्ण निघालं, उजवीकडे स्नायूला चिकटलेला भाग ठेवला, ओढून काढण्यात अर्थ नव्हता म्हणाल्या. डावीकडे २६०, उजवीकडे २४०! टेबलवर बसतं केल्यावर उजवी बाजू मुळातच थोडी भरलेली निघाली. मी ३००वर अडले असते तर काय झालं असतं कोण जाणे. पॅथॉलॉजी रिपोर्ट स्वच्छ आला.

पहिले तीन दिवस छातीवर कुणी बसल्यासारखं वाटत होतं. २०१६ला इतकं दुखलं नव्हतं, स्नायूचा फरक असावा. ड्रेन पाचव्या दिवशी निघाला. दोन्ही बाजू आत्ता वर आणि चौकोनी दिसतात. तीन महिने धीर धरा, खाली बसतील, असं बजावलंय. थंडी आहे, पण डावीकडे दगड नाही.

सिन्नरकर | १९ डिसेंबर, दुपारी १:४०

अभिनंदन ताई. बायको विचारते, घरचं कसं जमवलं? आमच्याकडे आई आहे, तिला फक्त "गाठ काढली" असं सांगायचं ठरलंय.

गोदाकाठची | १९ डिसेंबर, दुपारी २:२५

सासूबाईंना आम्हीही तेच सांगितलं, आणि त्यांनी काळारामाला नारळ फोडला. जरा ओशाळल्यासारखं झालं.

घरचं म्हणाल तर आदल्या दिवशी वरच्या फळीवरचे सगळे डबे खाली ओट्यावर काढून ठेवा. हात खांद्याच्या वर न्यायचा नाही हे चहापत्ती काढताना आठवतं. पाच लिटरचा कुकर महिनाभर तुम्ही उचला. समोरून उघडणारे गाऊन तीन-चार हवेत. पुढे हूक असलेली ब्रा हॉस्पिटलात महाग देतात, मेन रोडला निम्म्यात मिळाली, फक्त आत तार नको. आणि झोपायला रिक्लायनर नसेल तर पाठीशी गादीची वळकटी लावा, उशा घसरतात.

सोनोग्राफीचं मॅडमनी फाइलवर लिहून दिलंय: पहिली पाच-सहा वर्षांनी, मग दर दोन-तीन वर्षांनी, काही त्रास नसला तरी. बायकोच्या कार्डाचा फोटो आहे ना तुमच्याकडे?

सिन्नरकर | १९ डिसेंबर, दुपारी २:३१

नाही. आज संध्याकाळी कपाट उपसतो.